उत्तरानंतरचा प्रश्न

अमेरिकेचे नागरिकत्व घेऊ पाहणाऱ्याला तोंडी परीक्षा द्यावी लागते. अधिकारी प्रश्न विचारतो, अर्जदार उत्तर देतो. २००८ साली लागू झालेल्या संचात १०० प्रश्न होते. त्यांतले जास्तीत जास्त १० विचारायचे आणि ६ बरोबर आले की अर्जदार उत्तीर्ण. ऑक्टोबर २०२५ पासून नवे अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांचा संच आला आहे. त्यांतले २० पर्यंत विचारले जातात आणि १२ बरोबर यावे लागतात. प्रश्न आणि त्यांची मान्य उत्तरे सरकार आधीच जाहीर करते. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत अनेक मराठी कुटुंबे या परीक्षेतून गेली आहेत. ज्यांना भारतातल्या शाळेत अमेरिकेचा इतिहास एक-दोन धड्यांपलीकडे कधी भेटला नव्हता, त्यांनी तो या निमित्ताने पहिल्यांदा नीट वाचला.

जुन्या संचात एक प्रश्न असा होता : यादवी युद्धाला कारण ठरलेली एक समस्या सांगा. मान्य उत्तरे तीन होती, गुलामगिरी, आर्थिक कारणे आणि राज्यांचे अधिकार. कोणतेही एक सांगितले तरी गुण मिळे. परीक्षेपुरते हे ठीकच आहे. नागरिकत्वाच्या कचेरीत इतिहासाचा निवाडा करायचा नसतो. पण ज्याला तो देश समजून घ्यायचा आहे, त्याचे काम गुण मिळाल्यावर सुरू होते. ही तीन कारणे सारख्या वजनाची आहेत का? आणि ते ठरवायचे कशावरून?

ते ठरवता येते. साउथ कॅरोलिना हे राज्य २० डिसेंबर १८६० रोजी संघराज्यातून फुटले आणि चार दिवसांनी आपण का फुटलो याचे निवेदन त्याने मंजूर केले. निवेदन लांब नाही, एका बैठकीत वाचून होते. राज्याला फुटून निघण्याचा हक्क आहे, हा दावा त्यात आहेच. पण तो हक्क आताच का बजावायचा, याचे उत्तर वेगळे आहे. उत्तरेकडच्या राज्यांवरचा मुख्य आरोप असा की पळून आलेले गुलाम मालकाला परत करण्याची घटनेतली जबाबदारी ती पाळत नाहीत. त्यासाठी केंद्राने केलेला कायदा आपापले कायदे करून निकामी करतात. न्यूयॉर्कमधून जाताना गुलाम बरोबर नेण्याची मुभा उरलेली नाही, हीही तक्रार आहे. आणि शेवटची तक्रार, गुलामगिरीला विरोध करणारा माणूस राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला ही. आता ‘राज्यांचे अधिकार’ हे उत्तर पुन्हा वाचावे. या कागदात स्वतःचा अधिकार वापरून केंद्राला अडवणारी राज्ये उत्तरेकडची आहेत, आणि त्यांनी तो वापरला याचाच दक्षिणेला राग आहे. पुढच्या महिन्यात मिसिसिपीने काढलेल्या निवेदनात तर आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे जोडलेली आहे, हे सुरुवातीलाच सांगितले आहे.

एका माणसाचे उदाहरण याहून बोलके आहे. अलेक्झांडर स्टीफन्स हा फुटीर राज्यांच्या सरकारचा उपाध्यक्ष. २१ मार्च १८६१ रोजी जॉर्जियातल्या सव्हाना शहरात त्याने भाषण केले. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, गुलामी ही त्याची स्वाभाविक अवस्था आहे, आणि आपले नवे सरकार याच पायावर उभे आहे, असे त्याने तिथे उघडपणे सांगितले. मग युद्ध झाले, दक्षिण हरली, गुलामगिरी गेली. १८६८ ते १८७० या काळात याच स्टीफन्सने दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात संघर्षाचे मूळ राज्यघटनेच्या अर्थात आणि केंद्र-राज्य अधिकारांच्या वादात आहे, असे प्रतिपादन आहे. माणूस तोच, मधे पराभव झाला होता. कागद कोणत्या तारखेचा आहे हे न पाहता जो वाचेल, त्याला स्टीफन्सच्या तोंडून हवे ते वदवून घेता येईल.

उत्तरेच्या बाजूलाही हीच काळजी घ्यावी लागते. ऑगस्ट १८६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकनने होरेस ग्रीली या संपादकाला लिहिलेल्या पत्रात संघराज्य वाचवणे हाच आपला मुख्य हेतू असल्याचे म्हटले. म्हणजे दक्षिण का फुटली आणि उत्तर का लढली हे दोन वेगळे प्रश्न झाले. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देऊन चालत नाही. सहा लाखांहून अधिक माणसे ज्या युद्धात मेली, त्याच्याबद्दल एवढा फरक करणे हे मला वाचकाचे किमान कर्तव्य वाटते.

अमेरिकेच्या इतिहासावरच्या या पुस्तकातल्या प्रश्नांची रचना याच विचाराने केली आहे. प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर आहे. ते आले पाहिजे. पण त्याखाली दुसरा प्रश्न आहे : हे कशावरून? आणि जिथे शक्य आहे तिथे तिसरा : याच्या आधी काय घडले होते?

स्वतःच्या लोकांना स्वतःचा इतिहास येत नाही, ही अमेरिकेतली ओरड बरीच जुनी आहे. १९१७ साली बेल आणि मॅककॉलम या दोन संशोधकांनी टेक्सासमधल्या विद्यार्थ्यांना दिलेल्या चाचणीचे निष्कर्ष छापले. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक टॉमस जेफरसन आणि दक्षिणेच्या फुटीर सरकारचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांची मुलांनी गल्लत केलेली आढळली. १९४३ मध्ये ऐन महायुद्धात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ३६ महाविद्यालयांतल्या सुमारे ७,००० नवप्रवेशित विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली, मूळ तेरा वसाहतींची नावे अवघ्या ६ टक्के मुलांना सांगता आली. २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीच्या फक्त १३ टक्के विद्यार्थ्यांनी इतिहासातली अपेक्षित पातळी गाठली. दर पिढीच्या वडीलधाऱ्यांनी पुढच्या पिढीबद्दल हेच म्हटले आहे. १९४३ ची ती मुले पुढे युद्धावर गेली, परत येऊन देश चालवू लागली, आणि त्यांच्या मुलांबद्दल पुन्हा तेच बोलले गेले. त्यामुळे अज्ञान वाढते आहे की काय, यापेक्षा या चाचण्या नेमके काय मोजतात, याची चौकशी मला महत्त्वाची वाटते.

ही चौकशी सॅम वाइनबर्ग या अभ्यासकाने फार चांगली केली. १९९१ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ इतिहासकार आणि शाळेच्या शेवटच्या वर्गातली आठ हुशार मुले होती. दोघांपुढे त्याने लेक्सिंग्टनच्या चकमकीचे कागद ठेवले. १९ एप्रिल १७७५ च्या सकाळी मॅसॅच्युसेट्समधल्या त्या गावच्या मैदानावर ब्रिटिश सैनिक आणि वसाहतीतले शेतकरी-शिपाई समोरासमोर आले, गोळीबार झाला, वसाहतीतली आठ माणसे मेली आणि स्वातंत्र्ययुद्ध पेटले. पहिली गोळी कोणी झाडली, हे आजही कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. इतिहासकारांपैकी काहींचा अभ्यास दुसऱ्याच देशाचा किंवा काळाचा होता. पाठ्यपुस्तकातल्या नावांच्या आणि घटनांच्या प्रश्नांत काही मुलांनी त्यांच्यातल्या काहींना मागे टाकले. पण कागद हातात आल्यावर चित्र पालटले. मुले पहिल्या ओळीपासून वाचू लागली. इतिहासकारांनी आधी कागदाचा तळ पाहिला : कोणी लिहिले, कधी लिहिले, कोणाला वाचायला दिले. घटनेनंतर काही दिवसांत वसाहतवाल्यांनी शपथेवर दिलेल्या जबान्या आणि ब्रिटिश अधिकाऱ्याची रोजनिशी त्यांनी शेजारी ठेवून वाचली. मुलांचा सर्वांत जास्त विश्वास पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यावर बसला. इतिहासकारांचा त्याच उताऱ्यावर फार थोडा होता. कागदाला उलटतपासणीला उभे करण्याची ही सवय शिकवता येते, शिकता येते, आणि तिची परीक्षाही घेता येते. तिला पदवी लागत नाही, हे विशेष.

याचा अर्थ तारखा टाकून द्याव्यात असा कोणी घेऊ नये. सनावळीची टिंगल करण्याची हल्ली पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. क्रम माहीत नसेल तर कार्यकारण दिसतच नाही. चार सन घेऊन पाहू. १७९४ मध्ये इलाय व्हिटनीला कापसाची सरकी काढण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. त्याआधी आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढण्यात इतका वेळ जाई, की समुद्रापासून दूरच्या जमिनीवर तो पेरणे परवडत नसे. १८०३ मध्ये हैतीतल्या गुलामांच्या उठावापुढे हात टेकलेल्या नेपोलियनने मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा अफाट लुइझियाना प्रदेश दीड कोटी डॉलरना अमेरिकेला विकून टाकला. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर बंदी आली. १८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या कारकिर्दीत आदिवासी जमातींना मिसिसिपीच्या पलीकडे हलवण्याचा कायदा झाला.

सुटे वाचले तर हे चार गुणांचे चार प्रश्न आहेत. एका ओळीत ठेवले की त्यांच्यातून कापूस वर येतो. यंत्रामुळे कापूस किफायतशीर झाला, म्हणून जमीन हवी झाली. जमिनीवर चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ राहत होते, म्हणून त्यांना हुसकावले. १८३८-३९ च्या सक्तीच्या स्थलांतरात वाटेत आणि छावण्यांत सुमारे ४,००० चेरोकी मेले असा अंदाज आहे. मोकळ्या केलेल्या जमिनीवर राबायला माणसे हवी होती, पण बाहेरून गुलाम आणणे बंद झाले होते, म्हणून व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्या गुलामांची खोल दक्षिणेत विक्री सुरू झाली. यादवीपर्यंत सुमारे दहा लाख माणसे अशी हलवली गेली. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. १८६० मध्ये देशात सुमारे ४० लाख गुलाम होते आणि अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. साउथ कॅरोलिनाचे निवेदन हा हिशेब मनात ठेवून वाचले, तर ‘आर्थिक कारणे’ हे उत्तर आणि ‘गुलामगिरी’ हे उत्तर वेगळे उरत नाहीत.

हीच साखळी मुंबईपर्यंत पोहोचते, आणि इथे मराठी वाचकाने थांबावे असे मला मनापासून वाटते. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार-पंचमांश अमेरिकेतून जाई. १८६१ मध्ये लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजरात इथल्या कापसाला कधी न मिळालेला भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, त्यांचे शेअर हातोहात खपू लागले. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचे नाव सर्वतोमुखी झाले. ९ एप्रिल १८६५ रोजी व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्स इथे दक्षिणेचा सेनानी जनरल ली शरण आला. ती बातमी मुंबईत पोहोचली तसा कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ या सौद्यांच्या दिवशी असंख्य व्यापारी एकाच वेळी बुडाले. बँक ऑफ बॉम्बेही त्या धक्क्यातून सावरली नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिला. ती देणगी देणारी संपत्ती ज्या तेजीत वाढली, तिचे कारण मिसिसिपीच्या खोऱ्यात होते. वऱ्हाडाचे पुढे काय झाले हा तर आणखी मोठा विषय आहे. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, शेतकरी नगदी पिकात शिरला तो शिरलाच, आणि त्याच्या मालाचा भाव त्याने न पाहिलेल्या बाजारात ठरू लागला. ॲपोमॅटॉक्सची तारीख यवतमाळच्या किंवा हिंगणघाटच्या वाचकाने परकी मानण्याचे कारण नाही.

त्यानंतर आठ वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ आला. तो त्यांनी अर्पण केला अमेरिकेतल्या सत्पुरुषांना, कृष्णवर्णीयांना दास्यातून मोकळे करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दल. मराठीत अमेरिकेच्या इतिहासाचे इतके अर्थपूर्ण वाचन त्याआधी कोणी केले असेल असे मला वाटत नाही. पुण्यात बसलेल्या एका माणसाने दुसऱ्या खंडातल्या घटनेत आपल्या समाजाचा प्रश्न ओळखला. या पुस्तकात त्यावर प्रश्न आहे आणि त्यापाठोपाठ दुसरा : त्याच वर्षी लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी काय घडले? १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. वादग्रस्त निवडणुकीनंतर तिथल्या न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांवर गोऱ्या सशस्त्र जमावाने हल्ला केला. मेलेल्यांचा आकडा नक्की नाही. ६० पासून १५० पर्यंत अंदाज आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना शरण आल्यावर मारले. ज्या थोड्यांना शिक्षा झाली, त्यांचीही १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटका झाली. १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतल्या प्रजासत्ताक पक्षाच्या सरकारांमागचे लष्करी बळ काढून घेतले आणि मिळालेले हक्क एकेक करून हिरावले गेले.

म्हणून फुल्यांनी केलेला गौरव चुकीचा ठरतो का? माझे मत स्पष्ट आहे : ठरत नाही. त्यांनी गौरव केला तो खरोखर घडलेल्या गोष्टीचा; ४० लाख माणसांची गुलामी कायद्याने संपली होती, १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मत नाकारण्यास मनाई केली होती. पण त्या अर्पणपत्रिकेच्या शेजारी कोलफॅक्स ठेवले की कायद्याने मिळालेली मुक्ती पुन्हा कशी ओरबाडली जाऊ शकते, हे कळते. एकाच वर्षातल्या या दोन्ही गोष्टी डोक्यात मावल्या पाहिजेत.

बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या वर्षांतली अमेरिका कशी होती? वुड्रो विल्सनच्या सरकारने टपाल आणि अर्थखात्याच्या कचेऱ्यांत काळ्या-गोऱ्या नोकरांची फारकत सुरू केली होती. गुलाममुक्तीनंतरच्या काळाचे विकृत चित्र रंगवणारा ‘बर्थ ऑफ ए नेशन’ हा चित्रपट १९१५ मध्ये देशभर गर्दी खेचत होता. त्याच न्यूयॉर्कमधून कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस ‘क्रायसिस’ नियतकालिक चालवत होते. १९४६ मध्ये आंबेडकरांनी डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिल्या जाणाऱ्या अर्जाची चौकशी केली आणि डुबॉइस यांचे उत्तरही आले. १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुण लेखकांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले, ते कॅलिफोर्नियात १९६६ मध्ये सुरू झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. फुल्यांपासून पँथरपर्यंत शंभर वर्षे हा संबंध चालू राहिला आहे. हा भाग मी पुस्तकात जाणूनबुजून मोठा ठेवला.

आनंदीबाई जोशी आणि पंडिता रमाबाई यांच्यावरचे प्रश्न त्या मानाने थोडे आहेत. आनंदीबाईंनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्या देशातल्या स्त्रियांना मताचा हक्क घटनेने मिळाला तो १९२० मध्ये, म्हणजे नंतर ३४ वर्षांनी. रमाबाई पदवीदानाच्या निमित्ताने तिथे गेल्या, दोन वर्षांहून अधिक राहिल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिले. अमेरिकन समाजाचा हा अव्वल साधनग्रंथ आपल्या भाषेत आहे. लेक्सिंग्टनच्या कागदांना लावली तीच कसोटी त्यालाही लावावी : लिहिणारी कोण, तिला आसरा कोणी दिला, ती कोणासाठी लिहिते आहे, आणि तिथल्या स्त्रियांच्या चळवळीबद्दल ती इतके का लिहिते.

नागरिकत्वाच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एक प्रश्न त्या सरकारी संचात नाही, तो इथे आहे. ही परीक्षा हिंदुस्थानातून आलेल्या माणसाला कधीपासून देता येते? १७९० च्या कायद्याने नागरिकत्वाची वाट फक्त स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींसाठी उघडली होती. १८७० मध्ये ती आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी मोकळी झाली. भगतसिंग थिंद हे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला : सर्वसामान्य अर्थाने हिंदी माणूस गोरा नव्हे, म्हणून तो पात्र नाही. त्यानंतर आधी दिलेली नागरिकत्वेही अनेकांकडून काढून घेण्यात आली. हे दार १९४६ च्या कायद्याने उघडले, तेही वर्षाला १०० जणांपुरत्या प्रवेशासह, आणि राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडली ती १९६५ च्या कायद्याने. आजचे मराठी अमेरिकन बहुतांशी या शेवटच्या कायद्यानंतरचे. तो कायदा अमेरिकेच्या ज्या काँग्रेसने केला, तिनेच त्या वर्षी कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा कायदाही केला होता. हे दोन कायदे शेजारी का आहेत, हे परीक्षेला जाण्यापूर्वी प्रत्येकाने शोधून पाहावे.

पुस्तक वापरावे कसे, याबद्दल थोडे. पुन्हा पुन्हा वाचल्याने आपल्याला येते आहे असा भास होतो. २००६ साली सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवले की उतारा परत वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे असतात, पण आठवड्यानंतर पुढे असतात ते पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न केलेले. तेव्हा उत्तर झाकावे, वहीत लिहावे, मगच पाहावे. उत्तराबरोबर कारण एका वाक्यात लिहावे. ते लिहिता आले नाही तर त्या ठिकाणी आपले ज्ञान तुटते असे समजून तिथून वाचन सुरू करावे. मूळ कागद मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. अमेरिकेचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी ते घरबसल्या वाचता येतील असे खुले केले आहेत. त्यांत १९३६ ते १९३८ या काळात टिपलेल्या, एकेकाळी गुलाम असलेल्या माणसांच्या २,३०० हून अधिक आठवणी आहेत. त्या अवश्य वाचाव्यात. सांगणारी माणसे तेव्हा बहुतेक ऐंशीच्या घरातली होती, बालपणीचे आठवून सांगत होती, मंदीच्या दिवसांत हलाखीत होती, आणि विचारणारे बहुतांशी गोरे होते. कोणते वाक्य मोकळेपणाने आले आणि कोणते जपून, हे वाचणाऱ्याने ओळखायचे आहे.

पहिले प्रकरण १७७६ पासून सुरू होत नाही, १४९२ पासूनही नाही. ते आजच्या इलिनॉयमधल्या काहोकिया या नगरापासून सुरू होते. मिसिसिपीकाठी साधारण १०५० ते १२०० या काळात ते ऐन भरात होते आणि तिथली मातीची प्रचंड टेकडी आजही सुमारे ३० मीटर उंच आहे. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांना सरसकट अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले ते १९२४ मध्ये. हे आधी ठाऊक असले की पुढची प्रकरणे वाचताना वसाहतवाल्यांना मोकळी दिसणारी जमीन आपल्याला मोकळी दिसत नाही.

सरावासाठी एक प्रश्न इथेच घ्यावा. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याने काय केले? ‘गुलामांना मुक्त केले’ हे सरकारी संचाला मान्य असलेले उत्तर. जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा आहे. काढून वाचावा, पाच मिनिटे लागतात. बंडात असलेली राज्ये त्यात नावानिशी आहेत, आणि लुइझियाना-व्हर्जिनियातले उत्तरेच्या सैन्याने आधीच घेतलेले काही भाग नावानिशी वगळले आहेत. मुक्त झालेल्यांना लष्करात घेण्याची तरतूद आहे. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला तो जाहीरनामा लागू असल्याचे लष्कराने कळवले १९ जून १८६५ रोजी. केंटकी आणि डेलावेअरमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाल्यावर. लिंकनचा जन्म केंटकीतला. त्याच्या जाहीरनाम्यात केंटकीचे नाव का नाही, आणि ते घालण्याचा अधिकार त्याला होता का, याचे उत्तर आपल्या शब्दांत वहीत उतरल्यावर पहिल्या प्रकरणाकडे वळावे.